पिवळा द्या, पण कार्डावर आवडलेला देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा. फुलेवाडी रिंग रोडला पहिल्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉल १० बाय १४, खिडकी एकच आणि तीही उत्तरेला, समोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. सध्या भिंतींना आकाशी रंग आहे. सासूबाईंना हॉल पिवळा हवाय. मिस्टर म्हणतात, "रिक्षात बसल्यागत वाटंल." पेंटर म्हणतो, दोन हातांत, म्हणजे रंगाच्या दोन थरांत काम होतंय, घट बसायच्या आत घर मोकळं करून देतो. ताई विचारतायत, पिवळा द्यावा का, दिला तर कुठला, आणि पेंटरचं ऐकावं का?

ताई, सासूबाईंचं बरोबर आहे आणि मिस्टरांचंही बरोबर आहे. चुकलाय तो पेंटर. मी ३१ वर्षं कोल्हापुरात रंगकामाचे ठेके घेतोय, त्यामुळं धंद्यातल्या माणसाला चुकला म्हणताना जीभ जरा अडखळते. पण आकाशी भिंतीवर पिवळ्याचे दोनच हात, आणि तेही भिंतीतला पावसाळा अजून वाळलेला नसताना, हे म्हणजे पी हळद नि हो गोरी.

आधी रिक्षाचा विषय संपवू. आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त जाणवतो तो हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवरचा उजेड, ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा. म्हणून रिक्षाला पिवळा, स्कूलबसला पिवळा, रस्ता खोदला की पिवळे बॅरिकेड. दाभोळकर कॉर्नरला आडवी घुसणारी रिक्षा लांबून दिसायलाच पाहिजे. हॉलच्या भिंतीनं मात्र माणसाला हाका मारायच्या नसतात, तिच्याकडं पाठ करून बसता आलं पाहिजे. मिस्टरांना भीती वाटते ती या हाका मारणाऱ्या पिवळ्याची, आणि ती रास्त आहे. सासूबाईंच्या मनातला पिवळा बहुतेक वेगळाच असणार. त्यांना एकदा विचारा, कुठल्या घराचा रंग डोळ्यासमोर आहे? माहेरच्या चुना-पिवडीच्या, म्हणजे चुन्यात पिवळी माती कालवलेल्या भिंती सांगितल्या तर अर्धं काम झालं.

महाद्वार रोडला साडी घेताना आपल्याकडच्या बायका लिंबू, हळदी, मोहरी, आंबा, सोनचाफा, केतकी असे पिवळे पटापट वेगळे काढतात. "हा नको, हा हिरवट मारतोय" हेही लांबून ओळखतात. त्याच बाई भिंतीचा रंग सांगताना नुसतं "पिवळा करा" म्हणतात. मग पेंटर दुकानात जातो, दुकानदार कार्ड उघडतो, आणि कार्डातला सगळ्यात देखणा पिवळा घरी येतो. तोच नेमका घ्यायचा नसतो.

कारण पिवळ्याला एक खोड आहे, तो भिंतीवर फुगतो. कार्डावर दोन इंचांचा चौकोन असतो, भोवती पांढरा कागद असतो, उजेड एकदाच आपटून डोळ्यात येतो. खोलीत तसं नसतं. एका भिंतीवरून परतलेला उजेड समोरच्या भिंतीवर जातो, तिथून तिसरीवर, आणि दर वेळी थोडा थोडा जास्त पिवळा होऊन निघतो. चार भिंती एकमेकींना पिवळा पुरवत राहतात. कोपऱ्यात बघा, तिथं रंग कायम एक घर, म्हणजे कार्डावरचा एक चौकोन, गडद दिसतो. हे सगळ्याच रंगांचं होतं, पण पिवळा उजेड भरपूर परतवतो म्हणून त्याचं जास्त होतं. आकाशी फसला तर खोली जरा थंड वाटते, पिवळा फसला तर माणसं आजारी दिसतात.

हे मी पदरचे पैसे घालून शिकलोय. धंद्यात नवा होतो. शाहूपुरीत एका वहिनींच्या हॉलला लेमन दिला, कार्डावर बोट ठेवलेला तसाच्या तसा. खाली फिकट निळा होता. मी एक हात वाचवला, म्हटलं कव्हर झालंय की. दुपारी बघितलं तेव्हा छानच दिसत होतं. संध्याकाळी वहिनींनी दोन्ही ट्यूब लावल्या आणि मला बोलावणं आलं. गेलो तर घरातली पाच माणसं सोफ्यावर बसलेली, सगळ्यांच्या तोंडावर हिरवट झाक. वहिनी म्हणाल्या, "भावजी, बघा की, सगळी कावीळ झाल्यागत दिसाय लागलीत." बोलायला जागाच नव्हती. चार दिवस माणसं लावून माझ्या खर्चानं हॉल पुन्हा केला, तेव्हापासून लिंबू रंग मी कोणाच्या घरात शिरू दिलेला नाही, लहान मुलाच्या खोलीतसुद्धा.

तुमच्या हॉलला काय द्यावं हे सांगायला मला गुळाकडं जावं लागेल. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजारात अजून रंगावरच भाव ठरतो. ढेप पिवळीधमक हवी म्हणून काही गुऱ्हाळांत काहिलीत हायड्रॉस नावाचं रंग उजळवणारं रसायन टाकतात. जुने गुळवे भेंडीचा चीक घालून मळी काढायचे आणि गूळ होईल त्या रंगाचा होऊ द्यायचे, सोनेरी, थोडा तपकिरीकडं झुकलेला. हायड्रॉसचा पिवळा दुकानात उठून दिसतो आणि ठेवून ठेवून परत काळवंडतो. भिंतीच्या पिवळ्याचंही असंच आहे, कार्डावरचा धमक पिवळा म्हणजे हायड्रॉसचा गूळ. तुम्हाला हवा बिनरसायनाची ढेप फोडल्यावर आत दिसतो तो, आणि त्यात भरपूर पांढरं मिसळलेला. कार्डावर तो बघून तुम्ही म्हणाल, हा काय मळका रंग! भिंतीवर गेला की तोच पिवळा होतो. मी गिऱ्हाइकाला सांगतो, आवडलेल्या चौकोनावर बोट ठेवा, मग दोन घरं फिकट या आणि एक घर मातीकडं सरका. बदामी, चंदनी, फिकट मोहरी, या पट्ट्यात राहा.

माती म्हटल्यावर पिवडी आली. आमचे वडील चुन्याचं काम करायचे. पिंपात चुना दोन-तीन दिवस भिजत घालायचा, गाळून घ्यायचा, त्यात डिंक आणि थोडं मीठ. पिवडी वेगळ्या पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायची आणि मग बेतानं चुन्यात सोडायची. ओला चुना गडद दिसतो आणि वाळल्यावर कितीतरी फिकट पडतो, त्यामुळं नुसतं बादलीत बघून अंदाज येत नाही. वडील फुटक्या कौलाच्या खापरीवर बोटानं एक पट्टा ओढायचे आणि ती खापरी चुलीच्या कडेला ठेवून चहा प्यायचे. चहा संपेपर्यंत पट्टा वाळायचा. मग ती खापरी दारात नेऊन उजेडात धरायची, परत आत आणून अंधारात धरायची, आणि ठरवायचं, अजून मूठभर पिवडी की अजून तांब्याभर चुना.

पिवडी म्हणजे लोखंडाच्या गंजाचंच जमिनीच्या पोटातलं रूप, पिवळी माती. उन्हानं उडत नाही, चुन्यानं जळत नाही. एका वर्षी पिवडी आणायला पैसे नव्हते म्हणून आईनं स्वयंपाकघराच्या चुन्यात हळद कालवली. बादली डोळ्यांदेखत तांबडी-तपकिरी झाली! आईला वाटलं कोणीतरी काव, म्हणजे तांबडी माती टाकली. हळद क्षाराला लागली की लाल होते. आपलं कुंकू पूर्वी असंच करत, हळदीला चुन्याचं किंवा तसल्याच खाराचं पाणी देऊन. आईनं तसाच एक हात मारला. काही दिवसांत त्याचा मळकट डाग झाला आणि उन्हाकडची बाजू उडूनच गेली. हळद उजेडात टिकत नाही.

ही गोष्ट फक्त गंमत म्हणून सांगत नाहीये. नवा सिमेंटचा गिलावाही चुन्यासारखाच क्षारयुक्त असतो, आणि स्वस्त रंगातले काही झगझगीत पिवळे त्यावर जळतात, डाग पडतात, फिके होतात. तुमचा फ्लॅट जुना आहे, भिंती निवलेल्या आहेत, त्यामुळं तिथं चिंता नाही. पण एसीच्या पायपासाठी किंवा नव्या बोर्डासाठी कुठं भिंत फोडून गिलावा केला असेल तर ती जागा २८ दिवस वाळू द्या, तिथं क्षार सोसणारा प्रायमर लावा. नाहीतर सगळी भिंत नीट आणि मध्येच बोर्डाभोवती एक फिकट चौकोन, असं दिसतं. इथं लोक रंगाच्या कंपनीला दोष देतात.

आता पेंटरचे दोन हात. पिवळा अंगानं पातळ असतो. लोखंडाचा पिवळा, म्हणजे पिवडीचाच कारखान्यातला भाऊ, चांगला झाकतो पण मातकट असतो. धमक पिवळे जे असतात ते सुंदर पण आरपार दिसणारे, त्यांचे तीन-चार हात दिले तरी खालचं डोकावतं. पूर्वी धमकपणा आणि झाकणं दोन्ही एकाच डब्यात मिळायचं, कारण त्यात लेड क्रोमेट असायचं, म्हणजे शिसं. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी आहे. झालं ते चांगलंच झालं. पण जुन्या माणसांच्या डोळ्यात अजून तो पिवळा आहे आणि पेंटरच्या डोक्यात तो दोन हातांचा हिशोब आहे. जाता जाता एक सांगतो, माहेरी किंवा गावाकडं खिडकीच्या गजांना, दारांना जुना पिवळा ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका. पाणी मारून घासा, घाण गोळा करून टाका, आणि त्या दोन दिवसांत लहान पोरं घरात ठेवू नका.

तुमच्याकडं खाली आकाशी आहे. त्यावर थेट पिवळा गेला की तो हिरवट मारणार, माझ्या शाहूपुरीच्या हॉलसारखा. आधी सगळ्या भिंती पॉलिश पेपरनं घासून घ्या, जिथं पोपडे आहेत तिथं लांबी, म्हणजे पुट्टी भरा, मग पांढऱ्या प्रायमरचा एक हात, निळा अजून दिसत असेल तर दोन. आकाशी पूर्ण मेला पाहिजे. त्यावर मी सांगितलेला मातकट फिकट पिवळा दिला तर दोन हातांत बसतो. म्हणजे पेंटरचं गणित अगदीच खोटं नाही, त्यानं प्रायमर खाल्लाय इतकंच. मोठी भिंत १४ फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच धरली तर १३३ चौरस फूट होतात. साधारण एका हाताला एक लिटर. यावरून तुम्हीच हिशोब मांडा आणि कोटेशनशी ताडून बघा. लिटर कमी दिसले तर समजायचं पाणी जास्त पडणार आहे.

उत्तरेची खिडकी. इथं लोक म्हणतात, अंधारी खोली आहे ना, मग पिवळा द्या, उजेड पडेल. हे निम्मं खरं आहे. फिकट पिवळा आलेला उजेड चांगला परतवतो, पण जो उजेड आत येतच नाही तो कुठला परतवणार? पांढऱ्यापेक्षा पिवळा जास्त उजेड देत नाही, फक्त उबदार वाटतो. उत्तरेकडून येतो तो आभाळाचा उजेड, निळसर. त्यात लिंबाकडचे पिवळे आंबट दिसतात आणि मातीकडचे, किंचित तांबूस पोट असलेले पिवळे नीट उभे राहतात. समोरच्या बिल्डिंगची भिंत कुठल्या रंगाची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती हिरवी असेल तर आणखी एक घर तांबसाकडं सरका. मे महिन्यात कोल्हापुरात दुपारचा सूर्य डोक्यावरून जरा उत्तरेला कलतो, तेव्हा उत्तरेच्या खिडकीलाही थोडं ऊन लागतं. त्या महिन्यात रंग पसंत केलेली माणसं जूनमध्ये मला फोन करतात.

पश्चिमेचं उलट. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव बघितलाय ना? ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. तेव्हाचा उजेड आठवा. काळा दगडसुद्धा सोनेरी होतो, तिथं कोणी पिवळा रंग दिलेला नाही. तुमचं स्वयंपाकघर पश्चिमेला आहे म्हणता. तिथं संध्याकाळी चार ते सहा ऊन स्वतःच रंग घेऊन येतं. त्या भिंतीवर तुम्ही परत पिवळा दिलात तर उन्हात भगवा दिसेल. स्वयंपाकघराला मोतिया द्या, म्हणजे पांढऱ्यात नावाला पिवळा. पिवळा ऊनच पुरवेल.

अर्धा रंग ट्यूब ठरवते, आणि यावर कोणी एक पैसा विचार करत नाही. आपल्याकडं घरोघरी पांढऱ्याफेक एलईडी आहेत, पाकिटावर ६५०० केल्विन लिहिलेलं असतं. त्या उजेडात पिवळ्यातली ऊब जाते, आणि एलईडी स्वस्तातली असेल तर हिरवट झाक येते. पाकिटावर ३००० लिहिलेल्या दिव्यात तोच रंग तुपासारखा दिसतो, कधी कधी जरा जास्तच. सासूबाईंना वाचायला, भाजी निवडायला पांढरा उजेड लागत असेल तर ४००० ची ट्यूब घ्या, मधली आहे. हॉलमध्ये दोन पॉइंट असतील तर एक ४००० आणि एक ३००० असंही चालतं. मुद्दा इतकाच की दिवे आधी बदला आणि मग रंग ठरवा. लोक हजारो रुपयांचा रंग तीन वेळा बदलतात आणि ट्यूब तीच ठेवतात.

आता सॅम्पल कसं बघायचं ते नीट सांगतो, कारण इथंच सगळं ठरतं. भिंतीवर वीतभर पट्टा मारू नका. भोवती आकाशी आहे, त्याच्या शेजारी कुठलाही पिवळा भडकच दिसणार. दुकानातून तीन शेडचे सगळ्यात लहान डबे घ्या. स्टेशनरीच्या दुकानातून जाड पांढरा गत्ता आणा, दोन बाय दोन फुटांचा, दर शेडला एक. त्यावर दोन हात मारा, पूर्ण कडेपर्यंत. वाळला की गत्ता मधोमध मोडा आणि उघड्या पुस्तकासारखा खोलीच्या कोपऱ्यात चिकटवा, दोन्ही पानं एकमेकांकडं तोंड करून. म्हणजे पिवळा पिवळ्यावर पडतो आणि भिंतीवर गेल्यावर किती फुगणार ते कळतं. सकाळी आठला बघा, दुपारी बघा, दिवे लावल्यावर बघा. त्याच्यासमोर खुर्ची ठेवून कोणालातरी बसवा आणि त्याच्या तोंडाकडं बघा, गत्त्याकडं नको. तोंड निरोगी दिसलं तर रंग चालेल. मिस्टरांना बसवा, त्यांचीच हरकत आहे. चार-पाच दिवस राहू द्या. वडिलांची ती खापरी आणि हा गत्ता, काम तेच.

चारही भिंती करायच्या का? १० बाय १४ च्या हॉलला, इतक्या फिकट पिवळ्यात, हो. एकच भिंत गडद पिवळी आणि बाकी पांढऱ्या ही फॅशन मला पटत नाही. ती भिंत सतत काहीतरी सांगत बसते आणि तुमची १४ फुटांची भिंत तर टीव्हीमागंच येणार. ज्यांना हौसच आहे त्यांनी देवघराच्या कोनाड्यात किंवा दाराच्या आतल्या पॅसेजमध्ये करावी, जिथं माणूस थांबत नाही. छत मात्र पांढरंच ठेवा. त्यावर भिंतींचा पिवळा पडून ते आपोआप मोतिया दिसतं. फरशी कुठली आहे? बहुतेक फ्लॅटमध्ये असते तशी पिवळसर क्रीम टाइल्स असतील तर भिंत आणखी एक घर फिकट घ्या, नाहीतर सगळी खोली साजूक तुपात बुडवल्यासारखी होते. करडी शहाबादी असेल तर नशीबवान आहात, पिवळ्याला तिच्याइतकी चांगली जोडीदारीण नाही.

पिवळ्यासोबत काय ठेवावं याचं उत्तर मला पट्टणकोडोलीच्या यात्रेत मिळालं. विठ्ठल-बिरदेवाची यात्रा, दसऱ्यानंतर. भंडारा इतका उधळतात की माणसं, रस्ता, देऊळ, सगळं पिवळं. तरीही डोळ्याला त्रास होत नाही, कारण त्या पिवळ्यात धनगरांच्या खांद्यावर काळ्या घोंगड्या असतात. काळा नसता तर ते नुसतं पिवळं वादळ वाटलं असतं. तुमच्या हॉलमध्ये दिवाणावर एखादी काळी-करडी घोंगडी टाका, किंवा काळ्या चौकटीतले दोन फोटो लावा. पडदे निळ्या नीळीचे किंवा विटकरी. आत्ताचे आकाशी पडदे असतील तर ते बदलू नका, पिवळ्या भिंतीशेजारी ते उलट खुलतील. फक्त पिवळ्या भिंतीला सोनेरी पडदा नको, सोनेरी कुशनही नको. आणि दसऱ्याला दाराला झेंडूचं तोरण बांधाल तेव्हा कळेल, फिकट भिंतीपुढं झेंडू कसा उठतो ते. भिंतच झेंडूची असती तर तोरण दिसलंच नसतं.

वास्तूच्या दृष्टीनं पिवळा कुठल्या दिशेला, हे मला विचारू नका. ते ज्याचं त्याला विचारा, मला ओल विचारा.

ओलीवरून घट बसायचा मुद्दा. दरवर्षी हीच घाई. जून ते सप्टेंबर भिंत पाणी पिते, आणि नवरात्राच्या आत सगळ्यांना रंग पाहिजे. आमच्या धंद्याचा हा सुगीचा महिना, तरी सांगतो, थांबा. पिवळा ओल लपवत नाही. पांढऱ्यावर ओल आली तर करडा डाग पडतो, पिवळ्यावर तपकिरी, चहा सांडल्यासारखा. फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट लावा, विशेषतः बाथरूमच्या मागच्या आणि बाहेरच्या बाजूच्या भिंतीला. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले किंवा भिंत गडद झाली असेल तर रंगाचं नाव काढू नका. भिंतीवर पांढरे क्षार फुलले असतील तर नुसतं खरवडून उपयोग नाही, पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. दसऱ्याला सासूबाईंचा मान म्हणून देवघराचा कोनाडा तेवढा करून घ्या, तो आतल्या भिंतीला असणार, कोरडा असणार. बाकी हॉल दिवाळीनंतर, डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा पेंटर मोकळा असतो, भावही जरा ऐकतो.

बेडरूमबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. नको. झोपायच्या खोलीत पिवळ्याचं काम नाही, पांढरट ठेवा.

स्वयंपाकघरात ओट्यामागं हळदीचे डाग पडतात म्हणता, ते साबणानं किंवा सोड्यानं पुसताना डाग लाल होतो म्हणून घाबरू नका. आईच्या बादलीचीच गोष्ट ती, साबण क्षारी असतो. पांढऱ्या साडीवरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, तसंच. लिंबाच्या पाण्यानं पुसलं की परत पिवळा होतो. मग ऊन पडतंच तुमच्याकडं पश्चिमेचं, काही दिवसांत तेच त्याला घालवतं. घासून घासून रंग काढू नका. ओट्यापासून दोन फुटांपर्यंत टाइल्स असतील तर त्यावरच्या पट्ट्याला धुता येणारा, किंचित चमक असलेला रंग घ्या. हॉलला मात्र चमक नको. चमकणारा पिवळा प्रत्येक खड्डा, लांबीची प्रत्येक रेघ दाखवतो आणि खिडकीचं प्रतिबिंब पाडतो.

बाहेरून बंगला रंगवायचा असता तर आणखी बरंच लिहिलं असतं. एवढंच सांगतो, कोल्हापूरच्या ऊन-पावसात बाहेरचा धमक पिवळा दक्षिण-पश्चिमेला लवकर उडतो, मातकट टिकतो.

शेवटी डब्यांचं. मशीनवर मिसळलेला पिवळा दोन वेगळ्या दिवशी आणला तर उन्नीस-बीस निघतो, आणि पिवळ्यात तो फरक दिसतो. लागेल तेवढा रंग एकाच दिवशी घ्या, पेंटरला सांगा, सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करून मगच ब्रश बुडव. अर्धा लिटर रंग घट्ट झाकणाच्या बरणीत बाजूला काढून ठेवा, टचअपला लागतोच. शेडचा नंबर आणि तारीख मीटरच्या पेटीच्या दाराला आतून मार्करनं लिहून ठेवा. कार्ड हरवतं, पेंटर नंबर बदलतो, पण मीटरची पेटी कुठं जात नाही. गत्ता कोपऱ्यात लावलात की दिवसाचा एक आणि ट्यूब लावून एक असे दोन फोटो पाठवा. समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीचा रंगही कळवा.